सातवा रुपया

जालन्याच्या सराफ्यात दुपारी कुणी नसतं, तेव्हा
कौतिकाबाई रुमालाची गाठ सोडते,
हाली सिक्क्याचे सात रुपये
काचेवर ओतते.
आवाज चांदीचा,
उजेड मात्र कालचा.

मी कड धरतो दोन बोटांत,
भिंग डोळ्याला लावतो.
चारमिनार शाबूत. दारातला ऐन
परवाच टाकसाळीतून सुटल्यासारखा.
झीज नाही. पण मैदानभर
बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेचे,
उजव्या हाताचे.

"चिंच लावली का, बाई?"
"चिंच अन् राख. रातभर घासले.
इकायचे, तं काळे कसे आणू?"

त्या काळ्याचीच तर किंमत होती.
कडेला निळसर, आत जांभळट,
मध्ये जुन्या तुपाचा रंग,
पेटीत तीन पिढ्या मुरलेला.
हे कोणत्या तोंडानं सांगू?

सहा बाजूला सारतो, वजनाचे.
सातवा उचलतो.
हा काळाच.

"त्यो ऱ्हायला. चिंच सरली."

दार अर्धं लोटतो,
ऊन तिरपं पडू देतो त्याच्यावर,
आणि भिंग तिच्याच हातात देतो.

बराच वेळ ती काही बोलत नाही.
मग सवयीनं
पदराचं टोक बोटाला गुंडाळते,
रुपयापर्यंत नेते,
थांबते.