सुट्टे

गाडीतळावर आठ मिनिटं थांबते गाडी.
त्यात हात धुणं, सही, डबा, आणि ही कॅप्सूल.
पूर्वी उभ्यानंच उरकायचे.
आता पहिल्या घासाला थांबते,
पाण्याची बाटली जवळ ओढते,
जिभेवर रेंगाळू द्यायची नाही, चावायची नाही,
थंड पाण्याचा मोठा घोट, आणि गेली.
मग भाकरी.

ससूनमध्ये त्या डॉक्टर पोरीनं
केसपेपरच्या मागे लांबट काकडीसारखं काहीतरी काढलं.
हे स्वादुपिंड. यात खडे. आता रस पुरत नाही.
म्हटलं, मी थेंबही घेत नाही हो.
ती म्हणाली, मी विचारलंच नाही.
तोवर सगळ्यांनी विचारलं होतं,
डेपोतल्या साहेबांनी, शेजारच्या लोणकरबाईंनी,
माझी गालफडं बघून.

मी माझ्यापुरतं समजून घेतलं ते असं:
भाकरी, वरण, वरचं तूप, सगळ्या पाचशेच्या नोटा.
आतल्यांना लागतात सुट्टे.
माझ्या आतल्या कंडक्टरची बॅग रिकामी,
तो नोटा तशाच पुढच्या दारानं उतरवून देत होता.
दोन वर्षं मी जेवत होते आणि उपाशी होते.
संडासात तेलाचा तवंग.
पाच चाळीसची ड्युटी, आणि फातिमानगरला पोटात कळ,
बाईमाणसानं उतरून जावं कुठं?
रजेच्या अर्जात ह्याला रकाना नाही.

एकदा कॅप्सूल उघडून पाहिली.
बारीक मणी, खसखशीहून थोराड.
ही माझी चिल्लर.
कुटायची नाही, कुटली तर पोटातल्या आंबटात
वाटेतच संपते,
तिला पुढच्या थांब्यापर्यंत जायचं असतं.
जेवणाला दोन. चहाबरोबर बिस्किट असेल तर एक,
तीही चहाच्या घोटाबरोबर नाही.
मान्यांच्या लग्नात पंगत लांबली,
एक सुरुवातीला घेतली, एक मठ्ठा आला तेव्हा.
वाढपी बघत राहिला.

"डुकरापासून करतात," तिनं आधीच सांगितलं होतं,
"चालेल ना?"
मी सोमवार, चतुर्थी धरणारी.
दोन दिवस डबी फळीवर तशीच.
तिसऱ्या दिवशी मुलाणींना विचारलं, आमच्या ड्रायव्हरना.
पुलगेटपासून भैरोबा नाल्यापर्यंत बोलले नाहीत.
सिग्नलला गिअर काढून म्हणाले,
"आमच्या आत्या घेतात.
औषध म्हणतात त्याला. दुसरं नाव घेत नाहीत."
तेवढ्यात मागून हॉर्न.

एप्रिलात माझी चूक झाली.
डबी राहिली बॉनेटवर, इंजिनच्या धगीला, चार फेऱ्या.
रंग तोच, वास तोच, म्हणून घेत राहिले.
आठवड्यात पोट जुन्याच रस्त्याला लागलं.
वाटलं, दोनाच्या जागी चार घ्याव्यात.
चार तळहातावर काढल्यासुद्धा.
मग काय वाटलं कोण जाणे, आधी फोन केला.
"माप मी वाढवीन," पोरगी म्हणाली, "तुम्ही नाही.
डबी ठेवता कुठं?"
सांगितलं.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
"अहो, उन्हानं मेल्या असतील त्या. नवी आणा."

आता डबी रुमालात, पिशवीच्या तळाशी,
सावलीच्या खिडकीकडे.
काल जेवून उठल्यावर आठवलं, घ्यायची राहिली.
नाही घेतली. रात्रीच्या दोनाच्या चारही केल्या नाहीत.
एक फेरी चुकली म्हणून
पुढची गाडी दुप्पट भरून सोडत नाहीत.

आज वैदुवाडीला एक म्हातारबा चढले,
दहाच्या तिकिटाला पाचशेची नोट.
दुसऱ्या कुठल्या वर्षी मी खेकसले असते.
"बसा," म्हटलं,
"गाडीतळ येईपर्यंत देते जमवून."