रकाना क्रमांक सात

मे महिन्यात कॉलेजात कोणी नसतं.
कूलर असतो, टाकीत पाणी नसतं,
आणि मी असते, तासिका तत्त्वावरची,
तासिकाच नसलेल्या महिन्यात.

विद्यापीठाचा तक्ता आलाय.
दोन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्यांची प्रगती,
एकशे अठरा नावं, सात रकाने:
नोकरी, उच्च शिक्षण, स्पर्धा परीक्षा, स्वयंरोजगार,
पुढे पगार, पुरावा,
आणि शेवटी, जिन्याखालच्या खोलीसारखा, ‘इतर’.
‘इतर’मध्ये फार टाकू नका, प्राचार्य म्हणाले,
गुण जातात.

पहिले चार नंबर अस्तित्वात नाहीत.
पाचवा लागतो. प्रणोती ढाकाटे.
फोन सासऱ्यांनी उचलला:
‘कोन? कॉलेजातून? थांबा, पोया लाटून राह्यली.’
मग बांगड्या, मग श्वास, मग ती.
‘मॅडम, एक विचारू?
तो शिलालेख कोरणारा माणूस. त्याला वाचता येत होतं का हो?’
तिसऱ्या सेमिस्टरला विचारलं होतं तिनं हेच.
तेव्हा घंटा झाली होती.
आता कुकरची शिट्टी झाली.
मी पुरावा मागायचं विसरले.

दीपांकर गेडाम मीटर वाचतो.
जरीपटक्याच्या गल्ल्यांतून, बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत,
डोक्याला ओला दुपट्टा.
‘दिवसाले दोनशे घरं, मॅडम. कोनाचं कुत्रं चावते, सारं पाठ हाय.’
पगार?
‘घरावर हाय. दार बंद, तर पैसा बंद.’
मी लिहिलं: नोकरी, होय.
तो हसला. ‘माह्यं बी रीडिंग घेऊन राह्यले का?’

निखत शेखनं फोन कापला.
मग मेसेज: अभ्यासिकेत आहे.
मग दुसरा: दोन मार्कांनी गेली.
मग बराच वेळ ‘टाइप करत आहे’,
आणि काहीच नाही.

दुपारी तीनला हेमलता उइके.
पारशिवनीहून पहाटेच्या एसटीनं यायची,
शेवटच्या बाकावर झोपायची, मी झोपू द्यायची.
एक्केचाळीस टक्के.
‘मॅडम, बाबाच्या वनपट्ट्याचा कागद होता.
साहेब म्हने, सही कर, वाचतेस काय.
मी उभ्यानंच वाचला, पूर्ण.
दुसऱ्या पानावर गट नंबर दुसऱ्याचाच.
तुम्ही म्हनत होत्या ना, तारखेपासून सुरू करा, सहीपर्यंत या.’
मी म्हणत होते?
झोपेत ऐकलं असेल तिनं.
आता गावातले लोक कागद घेऊन येतात तिच्याकडे.
पैसे घेतेस का गं?
‘नाही जी. कोनी वाल देऊन जाते.’

स्वयंरोजगार म्हणावं, तर उत्पन्न वाल.

जुना नमुना शोधायला कपाट उघडलं.
वाळवीनं खालची तीन वर्षं खाल्ली होती.
वरच्या फाइलीत, अनुक्रमांक एकतीस:
बारापात्रे शालिनी सुधाकर. नोकरी, होय. अध्यापन.
म्हणजे मी.
फोन आला होता तेव्हा, आठवतंय,
इतवारीत शिलाई मशीनचा पट्टा घेत होते आईसाठी.
लागली का नोकरी? हो म्हटलं.
आठवड्याला चार तास लागले होते.
तेव्हापासून त्या ‘होय’ची हिरवी पट्टी
सभागृहातल्या आलेखात उभी आहे,
दर मूल्यमापनाला तिच्यावरची धूळ पुसतात.

परत येऊन बसले.
हेमलतासमोर, सातव्या रकान्यात,
टाइप केलं: कागद पूर्ण वाचते. उभ्यानं.

लाल चौकट आली:
कृपया यादीतील वैध मूल्य निवडा.

पुन्हा केलं.
पुन्हा आली.

लाइट गेली. कूलरचं पातं
आणखी थोडं फिरत राहिलं, सवयीनं.
बॅटरी अठरा टक्के.
एकशे सहा नावं बाकी.
पुढची: पंचशीला खोब्रागडे.
रिंग जातेय.