लाँड्रीतले पाहुणे

प्रवाळ म्हणजे काय? नववीत दोन गुणांचा प्रश्न होता.
मी लिहिलं, समुद्रातला एक सुंदर दगड.
बाईंनी भोपळा दिला. मला काही वाटलं नाही,
संगमनेरहून समुद्र तसाही फार लांब.

आता इस्लामोराडात, फ्लोरिडाच्या शेपटीवर,
चौदा खोल्यांच्या हॉटेलात रात्रपाळीला बसते.
अनामिकेत पोवळं, सव्वापाच रत्तीचं, मंगळासाठी.

आमच्या धक्क्यापुढे तीन पुरुष खोल पाण्यात
प्लास्टिकच्या पाइपांची झाडं टांगलीत,
आणि फांदीफांदीला, मासेमारीच्या दोऱ्याने बांधलेले
सांबरशिंगी प्रवाळाचे बोटभर तुकडे.
मोठे झाले की ते खडकावर नेऊन चिकटवायचे.
परोपकार वगैरे नाही.
मिसेस हॅलोरनची वाळू दरवर्षी हातभर खचायची;
कुणीतरी सांगितलं, लाट आधी खडकावर फुटली पाहिजे,
तर ती तुमच्या पायरीवर फुटणार नाही.
तेव्हापासून काउंटरवरची सनस्क्रीनची बाटली गेली,
किनाऱ्याकडचे दिवे गेले,
आणि माझ्या वहीत एक नवा रकाना आला : तुकडे.

त्या ऑगस्टात पाण्यात पाय घातला
तर बंबातलं वाटायचं.
पाणबुड्या डेल्फीन वर आली, मुखवटा काढला, बोलेना.
मग म्हणाली, पांढरे पडायला लागलेत.
बिअरच्या निळ्या पेट्यांतून दोन दिवस
आम्ही त्यांना वर आणत होतो. दोनशे बारा.
लाँड्रीत, चादरींच्या जागी, काचेच्या टाक्या लागल्या.
मी सवयीने नोंद केली :
आगमन चार तारीख. निर्गमन — कोरं.

रात्री तीनला लाल टॉर्च घेऊन बघायला जायचे.
रंग चहाच्या डागाचा. आणि अंगभर
मटकीला मोड यावेत तशी बारीक तोंडं,
उघडी, भुकेली.
दगड कसला!
मिर्लांद शेजारी टॉवेलांच्या घड्या घालत होती.
माझ्या बोटाकडे बघून म्हणाली,
हे तेच ना? मग मेलेलं कशाला घालतेस?
पत्रिका, मंगळ, आईची धास्ती,
इंग्रजीत यातलं काहीच धड उभं राहिना.
हात एप्रनमध्ये घातला.

एकोणीस तारखेला वादळ नव्हतं, काही नव्हतं,
नुसती वीज गेली.
जनरेटरला डिझेल पहाटेपर्यंतचं,
तेही एकाच बाजूला पुरेल एवढं.
मिसेस हॅलोरनचा फोन लागेना.
ओस्वाल्दो स्विचवर हात ठेवून म्हणाला,
लिहून दे. उद्या माझ्यावर नको.
मी लिहिलं :
खोल्या एक ते चौदा, एसी बंद.
लाँड्री चालू.
खाली सही, मराठीत झाली, घाईत.

पाहुणे व्हरांड्यात आले, ओले टॉवेल डोक्यावर,
सातच्या खोलीतला गृहस्थ म्हणाला, मी पैसे कशाचे दिले?
त्याचं बरोबर होतं.
मी त्याला टाक्या दाखवल्या नाहीत,
लिंबूपाणी दिलं आणि एक रात्र वजा केली.
एक बाई मात्र आपणहून आत गेली,
काचेला कपाळ टेकवून उभी राहिली.
नंतर कळलं, तिथे जरा गार लागत होतं.

तरी एकेचाळीस गेले.
डेल्फीनने ते उन्हात वाळत घातले,
पांढरेशुभ्र, हलके, धुतल्या कपड्यांसारखे.

नोव्हेंबरात उरलेले परत पाण्यात गेले.
मला पोहता येत नाही.
धक्क्यावर वही घेऊन बसले,
बुडबुडे वर येतील तशी एकेक खूण करत.
एकशे एकाहत्तर.
निर्गमनाच्या रकान्यात तारीख घातली,
आणि शेजारी, हिशेबाच्या सवयीने, येणे बाकी.
कुणाकडून कुणाला, ते लिहिलं नाही.

अंगठी अजून बोटात आहे.
मंगळाचं मला ठाऊक नाही.
टाक्या गेल्या, चादरी परत आल्या,
फक्त एक पंप कुणी बंद केला नाही;
रिकाम्या बादलीत तो रात्रभर पाणी फिरवतो
आणि मी हिशेब जुळवताना
त्याच्याकडे कान ठेवून असते.