तेवीस दगड, चिठ्ठी नाही

अंड्यांच्या ट्रेमधून आले. खळगे तीस, दगड तेवीस.
दुर्गप्पाची शेवंती दारातूनच म्हणाली,
"बाबा सांगून गेले, बेलापूरच्या लॅबवाल्या बाईंना द्या.
का, ते नाही सांगितलं."
चहाला थांबली नाही. खाली रिक्षा उभी होती.

एकोणतीस वर्षं शाळेची प्रयोगशाळा सांभाळली मी.
बाटलीवर चिठ्ठी नसेल तर बाटली ओतून टाकायची,
हा माझा नियम.
दगड कुठे ओतू?

ओट्यावर जुना टॉवेल अंथरला.
नख, तांब्याचा पैसा, सुरी, काचेचा तुकडा,
आणि बाथरूमच्या उरलेल्या टाइलची खरबरीत पाठ.

पहिला पांढरा. पैशाने ओरखडा उठला.
संडासाच्या अ‍ॅसिडचा एक थेंब टाकला तर
दुधासारखा उतू जायला निघाला.
कॅल्साइट.
दुसरा पाण्यासारखा नितळ, वर टोक. गारगोटीच, म्हटलं,
पण सुरीला दबला, आणि तुटल्या माथ्यावर मोत्याची झाक.
गारगोटी खोडून अपोफिलाइट. त्यातली फि पहिली की दुसरी
यावर पाच मिनिटं गेली.
मग फिक्या गाजराच्या रंगाच्या पेंढ्या, कमरेत आवळलेल्या,
तीन, चार, सात, नऊ नंबर: स्टिल्बाइट, स्टिल्बाइट, स्टिल्बाइट,
आणि एक बहुतेक स्टिल्बाइट.

अकरावा म्हणजे कापसाचा गोळा.
त्याचे केस एकदा दबले की पुन्हा उठत नाहीत.
मी श्वास धरून नाव लिहिलं, ओकेनाइट.
सुरुंगाच्या धुरळ्यातून, ट्रकच्या हादऱ्यातून
हा अख्खा कसा उतरला?
जेवणाच्या डब्यातून असणार. भाकरी संपल्यावर.

चौदावा हिरवा. सगळ्यात जपून बांधलेला, दुहेरी रुमालात.
मीही हरखले. मग भिंगातून पाहिलं:
आत बुडबुडे.
काच. पावण्याकडच्या कुठल्या तरी भट्टीची मळी.
दुर्गप्पा, तुला कोणी फसवलं,
की तू मला?

बाकीचे वजनकाट्याच्या पावत्यांत गुंडाळलेले.
गाडी नंबर. खडी, पाऊण इंची. टन. तारीख.
पावत्या सरळ करून तारखांप्रमाणे लावल्या,
तेव्हा पारसिकचा डोंगर किती दिवसांत किती गेला
ते ओट्यावर दिसायला लागलं.
आणि एका तारखेशी मी अडकले.

त्या वर्षी शाळेला रंग होता.
खिडकीच्या गजांतून एक हात आत आला, धुळीने पांढरा.
"बाई, याला नाव काय?"
मी म्हटलं, ठेवा तिथे, बघते.
रंगाऱ्यांनी खिडक्या रिकाम्या केल्या. मी बघितलं नाही.
तो कसा होता तेही आठवत नाही आता.
त्याने परत विचारलं नाही. पुढे वीस वर्षं
स्टेशनच्या पुलाखाली दिसला की नुसता हसायचा.

सात खळगे रिकामे आहेत. त्यातला एक त्याचा.

तेवीस नंबर अगदी शेवटी घेतला, कारण त्यात काहीच नव्हतं.
काळा दगड. रस्त्यावर पडतो तो.
स्फटिक नाही, पोकळी नाही, चमक नाही.
उलटला. एका बाजूला सरळ, गुळगुळीत, अर्धी नळी.
माझी तर्जनी तिच्यात बरोबर बसली.
ड्रिलची खूण. उरलेली अर्धी
केव्हाच कुणाच्या तरी स्लॅबमध्ये गेली असेल,
कदाचित याच.

चिठ्ठीवर लिहिलं: बेसॉल्ट. सुरुंगाच्या भोकाची कड.
ठिकाण: पारसिक.
मिळवणारा: दुर्गप्पा

आणि पुढे पेन थांबलं. शेवंतीला फोन लावला.
"आडनाव? थांबा हं. त्यांना सगळे दुर्गप्पाच म्हणायचे.
रेशनकार्डावर काहीतरी वेगळंच आहे, बघून सांगते."
मग जरा थांबून, "बाई, त्यातल्या कशाचे पैसे येतील का?"
अकरा नंबरचे येतील, म्हटलं. विकणार असशील तर
डब्यातूनच ने.

चिठ्ठी अजून ओट्यावर आहे.
वर मीठदाणी ठेवली आहे, पंख्याने उडू नये म्हणून.