अकरा वीस

तंबाखूच्या डबीत कोळी आणलेला,
चेंगरलेला, सात पायांचा.
आठवा, म्हणे, कडब्यात राहिला.

चुना धुऊन काढला साबणानं,
गार पाण्याचा फडका ठेवला.
दीर ब्लेड घेऊन तयार,
त्याला चहा सांगायला पाठवलं.

केवळबाईच्या पोटरीवर मग
निळ्या पेननं रेघ ओढली,
लाली जिथं थांबत होती तिथून. बाजूला वेळ.
"आमच्या बांधावर बी ओढा की सिस्टर,
भावकी लई सरकती,"
ती म्हणाली, दात आवळून.

घाम नाही, उलटी नाही, पोट मऊ.
जळकोटची दुपार खिडकीत तापत राहिली.
चारला लाली रेघेच्या आतच.

आठवड्यानं बाजारात दिसली.
पेंडी आधी काठीनं बडवते, म्हणाली,
आन् लुगडं जरा वर करून दाखवलं:
पुसट निळं.
घासलंच नव्हतं.