न दुखणारी जागा

चौगुले सिस्टर म्हणाली, मावशी, टोचून दाखवा.
म्हटलं, त्यात काय दाखवायचं,
नऊ वर्षं टोचतोय मी, चूळ भरल्यासारखं.
तरी तिनं फॉर्म काढला, खुर्ची ओढली
आणि चप्पल ओळीतल्या गिऱ्हाइकागत बसली,
जोड घ्यायचा नसतो
नुसता उलटापालटा करून बघायचा असतो तशी.

पदर सारला. बाटली खडाखडा हलवली.
तिनं फॉर्मवर खूण केली.
सुई कालची, परवाची, खरं सांगायचं तर
गणपतीपासनंची.
खूण.
बेंबीच्या डावीकडं चार बोटं, रोजच्या जागी
खुपसली, दाबली, काढली.
टोकाला एक थेंब लोंबत ऱ्हायला.
तो तिनं बघितला, मी बघितला.

तिथंच का, मावशी?
तिथं दुखत न्हाई.

तिनं तळहात चोळून ऊन केला,
पोटावर सपाट फिरवला,
मग माझंच बोट धरून तिथं टेकवलं.
लिंबाएवढी गाठ.
हितं औषध जिरत नाही, म्हणाली,
अडकून बसतं, आणि मनाला येईल तेव्हा सुटतं.

सुभाषनगरात जन्म काढला मी.
कातडं बोटांनी वाचतो.
पाठीचं कुठलं, पोटाचं कुठलं
डोळं झाकून सांगीन.
मानेवर जू घासून घासून जिथं घट्टा पडतो
तिथं कितीबी तेल मुरवा, वरच्या वर ऱ्हातं.
तेवढा तुकडा आम्ही रापीनं काढून टाकतो.
एवढं कळत हुतं.
सोताच्या पोटावरनं बोट तेवढं फिरवलं न्हवतं.

साखर तीनशे. साखर दोनशे नव्वद.
घरात सुवर्णा डबं मोजायची.
गुळाची ढेप कपाटात,
कपाटाची किल्ली तिच्या मंगळसूत्रात.
आत्ती, खरं बोला.
खरंच बोलत हुतो मी.
वाडीचा एक पेढा, त्यो बी प्रसाद म्हणून,
तेवढा सोडला तर.
पण नातू शेजारच्या दारात जाऊन सांगून आला,
आमची आजी चोर हाय.
पाच वर्षांचं पोर.
शिकवल्याबिगर बोलतंय व्हय?

जागा बदला, सिस्टर म्हणाली हुती,
पण डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांना विचारून जावा.
डॉक्टर जेवाय गेलं हुतं.
मला केएमटी गाठायची हुती.

रात्री उजवीकडं टोचलं.
नवी सुई. बाटली हातात हळू घोळवून.
आत धरून दहापर्यंत मोजलं,
सातच्या पुढं जरा चुकलो.
दुखलं.
पहिल्यांदा आरी लागली हुती बोटाला, तसं.
नऊ वर्षांची तहान असल्यागत
अंगानं सगळं औषध घटाघटा पिऊन टाकलं.

पहाटं तीनला घामानं चोळी भिजली.
हात वेणी विणत हुतं
आणि हातात वादी न्हवती.
हाक मारायला गेलो तर तोंडात शब्द न्हाई.
तांब्या तेवढा पडला.

सुवर्णा उठली. किल्ली सुटंना,
तिनं गळ्यातनंच हिसकली,
काळं मणी फरशीवर उडालं.
ढेप फोडली उलथन्यानं
आणि आपल्या बोटानं गूळ
माझ्या गालात कोंबला.
गिळा आत्ती, गिळा.
रडत हुती का शिव्या देत हुती
ते काय ध्यानात न्हाई.

डोळं उघडलं तवा
ती गुडघ्यावर बसून मणी हुडकत हुती.
कपाट तसंच उघडं.
मी बी काय बोललो न्हाई.

सकाळी नातवाला जवळ घेतलं,
त्याचा हात बेंबीच्या डावीकडं ठेवला.
चोर हितं बसलाय बघ. हात लाव.
त्यानं दाबून बघितलं, पुन्यांदा दाबलं,
म्हणाला,
मऊ हाय की गं, आजी.