बूथ सत्त्याऐंशी

अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या बूथपुरतं कळलं.
एकूण मतदान पाचशे बारा.
आम्हाला दोनशे चौदा, त्यांना दोनशे पंचावन्न,
कपबशीला वीस, नोटाला तेवीस.
एक्केचाळीसनं मागे.
पेन्सिलीनं लिहिलं, खाली रेघ मारली,
रेघेखाली काय लिहायचं ते सुचेना.

सिडकोच्या चौथ्या स्कीमची यादी मला तोंडपाठ.
कोण लग्न होऊन पाथर्डी फाट्याला गेली,
कोण मेलं, आणि यादीत अजून जिवंत आहे.
सव्वीस वर्षं शाळेबाहेर टेबल मांडतोय,
शंभर मीटरच्या चुन्याच्या रेघेपलीकडे,
चिठ्ठ्या फाडत, चष्मा पुसत,
मागच्या खेपेला याच बूथवर नव्वदांनी पुढे होतो.

विमलताई वाघचौरे आषाढात गेल्या.
तेराव्याच्या पंगतीतच दोघं समोरासमोर बसले होते
जिलबी खात, एकमेकांचा अंदाज घेत.
मुरलीधर धात्रक,
ज्याच्याविरुद्ध मी तीन निवडणुका घसा बसवला,
बुधवारी रात्री आमच्यात आला.
गुरुवारी त्याच्या गळ्यात आमचं उपरणं,
दुकानातली घडीही मोडली नव्हती.
आणि आमचा शिरीष पगार,
माझ्या रोहिणीच्या लग्नात रात्री दोनपर्यंत वाढायला उभा असलेला,
शुक्रवारी पलीकडून अर्ज भरून मोकळा.
शनिवारी उठलो तर
माझ्याकडे चिन्ह माझं, माणूस त्यांचा;
त्यांच्याकडे माणूस माझा, चिन्ह त्यांचं.
चहा निवला तरी कळेना, आज प्रचार कुणाचा करायचा.

केलाच म्हणा. धात्रकाचा. घरोघर.
बोरसे मावशी म्हणाल्या, भाऊ, याला तर तुम्हीच चोर म्हणाला होतात,
इथेच, याच पायरीवर.
मी पत्रक दिलं. त्यांनी त्यावर शेंगा सोलल्या.

लोकल चॅनेलवरचा पोरगा सांगतोय
प्रभागात जनाधार सरकला.
कुठे सरकला? बोरसे मावशी पायरीवरच आहेत.
अंबडचा भोंगा वाजतो तेव्हाच वाजतो,
नळ पहाटे साडेचारला येतो,
पाच वाजता जातो, सरकार कुणाचंही असो.

तरी हिशेब हिशेब असतो.
नव्वद पुढून एक्केचाळीस मागे,
म्हणजे पासष्ट-सहासष्ट माणसं इकडची तिकडे गेली.
घरी येताना प्रत्येक दाराकडे बघत आलो.
हा? ही?
ज्यांनी पाणी विचारलं त्यांचा जास्त संशय.

त्यातलं एक मला माहीत आहे.
सकाळी आठ वाजता, थंडीत, पुठ्ठ्याच्या आडोशाला
माझं बोट जुन्या चिन्हापाशी गेलं,
शेजारी धात्रकाचं नाव वाचलं,
आणि बोट दोन ओळी खाली उतरलं.
बीऽऽप इतका वेळ वाजला
की वाटलं अख्खी खोली वळून बघेल.
आमचा एजंट तुषार माझ्या नावावर टिक मारून हसला:
काका, आपलं एक झालं.

संध्याकाळी ढोल आले.
शिरीष जीपवरून उतरला, वाकला,
काही बोलला नाही, मीही नाही.
गुलालाचा हात होता, कानाला लागला.
मग तसाच धात्रकाकडे गेलो सांत्वनाला.
तो कानाकडेच बघत होता.

आज टेबल परत करायला गेलो, भाडं दीडशे.
मंडपवाला खैरनारचा पोरगा वही उघडून म्हणाला,
फेब्रुवारीला पुन्हा लागेलच की, लिहून ठेवतो.
कुणाच्या नावावर टाकू, काका? पक्षाच्या?

म्हटलं, नुसतं टेबल लिही.